काचेच्या पेटीत न गेलेली झारी

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी झारी आहे. जुनी म्हटले म्हणून लगेच हळहळू नका. माझी चकाकी गेली आहे, पोटाला पोचे आले आहेत, आणि कडीवर सोनेरी रंगाचे काही हट्टी पापुद्रे अजून चिकटून आहेत. तो रंग माझ्या अंगावर कसा चढला, हे मी सांगणारच आहे. पण माझी गोष्ट रडगाणे म्हणून ऐकायची असेल, तर दुसऱ्या कुणाकडे जा. मी अजून पाणी घालते.

वसईत पापडी भागातल्या बाजारामागे एका लहानशा दुकानात माझा जन्म झाला. दिनानाथ नावाचे कारागीर तिथे बादल्या, नरसाळी आणि तेलाची मापे बनवत. त्यांनी पत्रा कापला, लाकडी हातोडीने हळूहळू वाकवला आणि सांध्यांना डाख देऊन मला पक्के बंद केले. मग नळीच्या टोकावर बसवायची चाळण हातात घेतली आणि तिला एकेक भोक स्वतः पाडले. भोके बारीक ठेवायला फार वेळ लागला. शेजारचा दुकानदार त्यांना म्हणाला की झारीला कोण एवढे बघते. दिनानाथ म्हणाले की रोप बघते. माझ्या कानावर पडलेले ते पहिले बोलणे, आणि ते मला फार आवडले.

मला विकत घेतले ते गास गावाजवळच्या एका वनस्पती उद्यानाने. भाताच्या खाचरांना लागून असलेली ती जागा. तिथे औषधी झाडांचे वाफे होते, नेच्यांसाठी सावलीची जाळी होती आणि प्रत्येक झाडाच्या खोडाशी त्याच्या नावाची पाटी होती. हरेश्वर नावाचे गासचेच माळी सगळी झाडे सांभाळत. आणि दर रविवारी सकाळी, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, मनोरमाबाई बागकामाचा वर्ग घेत.

मनोरमाबाई पूर्वी नालासोपाऱ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत. शाळेतून निवृत्त झाल्या आणि इथे आल्या. त्यांच्या वर्गात येणाऱ्या बहुतेक बायका मनवेलपाड्यातल्या चाळींतून आणि नालासोपाऱ्याच्या इमारतींतून येत. त्यांची बाग म्हणजे खिडकीची ग्रिल, आणि कुंड्या म्हणजे रंगाचे रिकामे डबे. कुणाची तुळस सारखी वाळत असे, कुणाच्या मिरचीला फूल येई पण मिरची धरत नसे. बाई कुणालाच हसत नसत. पहिला धडा नेहमी माझाच असे. बाई सांगत की पाणी घालण्याआधी बोट मातीत खुपसा, आत ओल असेल तर झारी खाली ठेवा. पाणी झाडाच्या डोक्यावर ओतू नका, मातीला द्या. मग त्या मला उचलत, तिरपी करत, आणि माझ्या चाळणीतून पडणारे बारीक पाणी पाहून नव्या आलेल्या बायका जवळ सरकत. इतक्या हळुवारपणे पाणी घालता येते, हे त्यांना ठाऊकच नसायचे.

ती वर्षे माझ्या वैभवाची होती, असे मी म्हणणार नाही. वैभवबिभव काही नव्हते. काम होते. मला ते पुरत होते.

मग बाई वर्गाला यायच्या थांबल्या. शेडमध्ये मी खिळ्याला टांगलेली राहिले. हरेश्वरकाका वर्गातल्या बायकांना सांगत होते ते मी ऐकले. बाईंना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात उचलत नव्हता, आणि शब्द जिभेपर्यंत येऊन अडत होते.

पावसाळा गेला, नवरात्र गेली, आणि एका रविवारी बाई शेडच्या दारात उभ्या राहिल्या. एका हातात काठी, दुसरा हात पोटाशी धरलेला. त्यांनी वर्ग सुरू केला. रोप कुंडीतून काढताना काय सांभाळायचे, हे सांगायचे होते. त्यांना म्हणायचे होते 'मुळं', आणि तो शब्द काही केल्या येईना. ओठ हलत होते. बाईंचे डोळे भरून आले, पण त्यांनी मान खाली घातली नाही. तेव्हा मागच्या बाकावरून उन्नती बोलली. ही मनवेलपाड्याची मुलगी, औषधांच्या दुकानात कामाला होती आणि रविवारची सुट्टी वर्गाला देत असे. ती म्हणाली, "बाई, आम्हाला घाई नाही."

बाईंनी श्वास घेतला, आणि थोड्या वेळाने तो शब्द आला. मग त्यांनी मला डाव्या हाताने उचलले. मी हिंदकळले, त्यांचा पदर भिजला, निम्मे पाणी जमिनीवर गेले. पण उरलेले पाणी मातीला मिळाले.

मित्रांनो, सगळ्यांनाच घाई नव्हती असे मात्र नाही. काही जणींनी येणे सोडले. एकीने उद्यानाच्या कार्यालयात फोन करून सांगितले की शिकवलेले नीट कळत नाही. उद्यानाचा कारभार तेव्हा नुकताच प्रितेश नावाच्या तरुण व्यवस्थापकाकडे आला होता. प्रितेश वाईट नव्हता. तो सगळ्यांशी गोड बोले, बाईंना 'मॅडम' म्हणे आणि त्यांना बघून खुर्ची पुढे करी. पण त्याला वाटले की आता मोठ्या सभागृहात पडदा लावावा, पुण्याच्या तज्ज्ञांचे वर्ग त्यावर दाखवावेत, आणि मॅडमना सन्मानाने मोकळे करावे. मागच्या शेडमधली चिखलाने माखलेली भांडी हलवली, की तिथे फोटो काढायला येणाऱ्या जोडप्यांसाठी खोली होईल. हे त्याने उद्यानाच्या समितीत सांगितले. बाईंना सांगितले नाही.

त्यांना एवढेच कळवले की त्यांचा सत्कार आहे.

सत्काराआधी प्रितेश शेडमध्ये आला आणि मला खिळ्यावरून काढून हरेश्वरकाकांच्या हाती दिले. ही झारी रंगवून आणा, म्हणाला, समोरच्या दालनात काचेच्या पेटीत ठेवायची आहे, मॅडमची आठवण म्हणून. काका म्हणाले, "सायेब, ती अजून पानी घालते." प्रितेश हसला आणि म्हणाला की म्हणून तर तिला मान द्यायचा.

रंगाऱ्याने मला आडवे पाडले आणि डोक्यापासून बुडापर्यंत सोनेरी केले. दिनानाथांनी एकेक करून पाडलेली माझी भोके त्याने एका फटकाऱ्यात बुजवली. तुमच्या तोंडाला पट्टी बांधून कुणी तुमच्या गळ्यात हार घातला, तर तुम्हाला कसे वाटेल? मला तसेच वाटले. मला राग आला. तो अजून गेलेला नाही, आणि मी तो घालवणारही नाही.

सत्काराच्या दिवशी सभागृह भरले होते. मंचाच्या कडेने भाड्याने आणलेल्या कुंड्या मांडल्या होत्या. मला टेबलावर ठेवून वर मखमलीचे कापड टाकले होते, त्यामुळे मला फक्त ऐकू येत होते. पाहुण्यांचे भाषण झाले. बाईंना शाल आणि नारळ दिल्याचे माईकवरून ऐकले. मग प्रितेश बोलायला उभा राहिला. त्याने बाईंचे खूप कौतुक केले आणि शेवटी जाहीर केले की आजपासून मनोरमा मॅडम विश्रांती घेणार आहेत, त्यांची झारी मात्र आपल्यापाशी कायम राहील. टाळ्या वाजल्या. माझ्यावरचे कापड ओढले गेले, आणि मी झगझगत बाईंच्या समोर आले.

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. प्रितेशने त्यांच्यापुढे माईक धरला. त्या हात जोडतील आणि खाली बसतील, असे त्याला वाटले असावे. बाईंनी नारळ टेबलावर ठेवला. ओठ हलू लागले. टाळ्या थांबल्या, मग कुजबूज थांबली, पाहुण्यांनी घड्याळ पाहिले. प्रितेश माईक मागे घेणार, तेवढ्यात पहिला शब्द आला.

"विश्रांती," बाई म्हणाल्या. मग बराच वेळ काही नाही. मग बाकीचे सावकाश आले. "मी... मागितली... नव्हती."

बाई काठी टेकत मंचाच्या कडेला गेल्या, काठी बाजूला ठेवून वाकल्या आणि एका कुंडीच्या मातीत बोट खुपसले. बोट कोरडे बाहेर आले. त्यांनी ते सगळ्यांना दाखवले. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि हरेश्वरकाकांना म्हणाल्या, "पाणी."

काका दाराशी उभे होते. त्यांनी प्रितेशकडे पाहिलेसुद्धा नाही. बादली घेऊन आले आणि मला गळ्यापर्यंत भरले. बाईंनी शाल खुर्चीवर ठेवली, मला डाव्या हाताने उचलून कुंडीवर तिरपे केले.

पाणी आले नाही. एक थेंबही नाही. मी भरलेली होते आणि माझ्यातून काही बाहेर पडत नव्हते. सभागृहात मागे कुणीतरी हसले. बाईंनी मला आणखी तिरपे केले. त्यांचा हात थरथरू लागला. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात तेवढी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि ती लाज माझी नव्हतीच.

उन्नती खुर्चीवरून उठली. ती मंचावर आली, माझी चाळण हातात धरून तिने पाहिली आणि काय झाले ते तिला कळले. तिने ओढणीची सेफ्टी पिन काढली आणि एका भोकात घातली. रंगाचा कण निघाला, आणि पाण्याची एक बारीक तार बाहेर आली. मग पुढच्या रांगेतली एक बाई उठली आणि पदराची पिन काढत वर आली. तिच्या मागून दुसरी आली. बांगड्यांत अडकवलेल्या पिना निघाल्या, मंगळसूत्रातल्या निघाल्या. मनवेलपाडा आणि नालासोपारा माझ्याभोवती दाटीवाटीने उभा राहिला आणि माझी भोके एकेक करून मोकळी करू लागला. बाई मधे उभ्या राहून सांगत होत्या, "हळू. भोक... मोठं नको." त्यांचा शब्द अडला की सगळ्या थांबत, आणि पुरा झाला की पुन्हा काम सुरू होई. तो वर्गच होता. समारंभ कधी संपला, कुणाला कळले नाही.

मग मी कुंड्यांना पाणी घातले. थोडे गालिच्यावर सांडले. पाहुणे चहा न घेता गेले.

पुढच्या रविवारी शेडला कुलूप होते. दुरुस्ती चालू आहे, असे प्रितेशने सांगितले. दुरुस्ती करणारे कुणीच आत दिसत नव्हते. बाईंनी वाद घातला नाही. फाटकाबाहेर रानभेंडीच्या मोठ्या झाडाची सावली पडते, तिथे त्या बसल्या, आणि बायका रंगाचे डबे मांडीवर घेऊन त्यांच्यासमोर बसल्या. हरेश्वरकाकांनी मला पाण्याने भरून फाटकाच्या गजांतून उन्नतीच्या हाती दिले. गजांना घासून माझा बराचसा सोनेरी रंग तिथेच निघाला. मला बरे वाटले.

आतल्या सभागृहात पडद्यावरचा वर्गही सुरू झाला. तज्ज्ञ चांगले होते, त्यांचे सांगणे खोटे नव्हते. पण पडद्याला आपली मिरची दाखवता येत नाही. सुट्टी झाली की आतले लोक बाहेर येत, भेंडीखाली थांबत, आणि पुढच्या वेळी थेट तिथेच बसत.

असे कितीतरी रविवार गेले. मग एकदा प्रितेश स्वतः फाटकाबाहेर आला. त्याने बाईंचा वर्ग उभ्याने पाहिला. बायका निघून गेल्यावर तो त्यांच्याजवळ उकिडवा बसला आणि विचारले, "मॅडम, तुम्ही थकत नाही का?"

"थकते," बाई म्हणाल्या. "मग... बसते."

मग प्रितेशने विचारले की विश्रांती नको आहे, हे त्यांनी त्याला आधीच का नाही सांगितले. बाईंनी त्याच्याकडे शांतपणे पाहिले. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला, आणि या वेळी प्रितेश थांबला. "तू... विचारलं नाहीस."

प्रितेशने शेडची किल्ली खिशातून काढून हरेश्वरकाकांना दिली. माफीबिफी मागितली नाही. बाईंनीही आभार मानले नाहीत. शेड त्यांचेच होते, त्यात आभार कसले.

आता वर्ग पुन्हा शेडमध्ये भरतो. बाई रोप हातात धरतात, उन्नती पुष्कळसे बोलते, आणि जिथे ती चुकते तिथे बाई तिला थांबवतात. पडद्यावरचा वर्गही चालू आहे, महिन्यातून एकदा. त्याला माझी हरकत नाही. फोटो काढणारी जोडपी नेच्यांच्या जाळीपाशी उभी राहतात. त्यालाही माझी हरकत नाही. मात्र मला त्या फोटोत धरायला कुणी मागितले, तर हरेश्वरकाका देत नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे सांगून मी थांबले असते, तर तुम्ही मला पुसून कपाटावर ठेवले असते. तसे जपू नका. पोचे येऊ द्या, गळू लागले तर डाख लावा, पण कामातून काढू नका. आणि तुमच्या घरात कुणाचे बोलणे सावकाश झाले असेल, कुणाचा हात थरथरत असेल, तर त्याच्यावर शाल पांघरून त्याला कोपऱ्यात बसवू नका. त्याचा शब्द पुरा होऊ द्या. तुम्हाला एवढी कसली घाई आहे?

मला मात्र आता घाई आहे. ऊन चढते आहे, नव्या वर्गाच्या बायका आल्या आहेत, आणि त्यांतल्या एकीने मला नळाखाली धरले आहे.