एक थेंब सॉल्व्हंट

आमच्या संस्थेत सॉल्व्हंटची, म्हणजे पावडरी विरघळवायच्या द्रवांची, खोली म्हणजे मी. सव्वीस वर्षं टोल्यूईन, ॲसिटोन मोजून देतोय. माझ्या सहीच्या चिठ्ठीशिवाय इथे कुणाला चिमूटभर पावडरही ढवळता येत नाही, तसा नियमच आहे. मोठमोठे डॉक्टर माझ्या खिडकीशी हात चोळत उभे राहतात आणि मला ते आवडतं, लपवायचं कशाला?

या सगळ्यावर पाणी फिरवलं ते माझ्या सख्ख्या पुतणीने. तिने प्रयोगशाळेत एक गिरणी आणली. स्टीलच्या डब्यात दोन कोरड्या पावडरी आणि स्टीलच्या गोळ्या घालायच्या, झाकण लावायचं आणि यंत्राने डबा तासभर गदागदा हलवायचा. गोळ्या आपटून आपटूनच नवं रसायन तयार होतं. सॉल्व्हंट नको, त्याची वाफ नको, गटारात विष नको. संचालक बेहद्द खूश झाले आणि मला नोटीस आली: खोली बंद, सोमवारपासून तुम्ही फाटकावर, सायकलींना बिल्ले द्यायला.

पण चिठ्ठीचा नियम काढायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणून शेवटच्या दिवशी पुतणी शून्य मिलिलिटरची चिठ्ठी मागायला आली. शून्य तर शून्य, म्हटलं, पण ते मी स्वतः ओतणार. उघड्या डब्यावर रिकामं मोजपात्र उपडं केलं आणि काय झालं कोण जाणे, मला रडूच फुटलं.

"काका, डब्यात थेंब पडला," ती म्हणाली.

दुसरी पावडर शिल्लक नव्हती, तिने तसाच डबा लावला. तासाचं काम बारा मिनिटांत झालं, रसायनही जास्त शुद्ध. मग तिने पाण्याचा थेंब घालून पाहिला, मिठाच्या पाण्याचा पाहिला, काही उपयोग नाही. संचालकांनी कपाळाला हात लावला आणि नोटीस मागे घेतली. आता चिठ्ठीवर असतं: सॉल्व्हंट एक थेंब, भांडारपालाचा.

खरी पंचाईत पुढेच झाली. खोली वाचल्याच्या आनंदात माझ्या डोळ्यांत टिपूस येईना. कांदा चिरून काढलेल्या आसवाने पावडरी नुसत्या चिकटल्या. पुतणी रोज सकाळी ती जुनी नोटीस मला गंभीरपणे वाचून दाखवायची, पण 'सायकलींना बिल्ले' आलं की मला हसू यायचं, मग तिलाही. शेवटी संचालकांनी बजावलं, शनिवारपर्यंत थेंब नाही आला तर फाटक.

शनिवारी ती नोटीस न घेताच आली. आत न येता इतरांसारखी खिडकीबाहेर हात चोळत उभी राहिली. तिला दूरच्या संस्थेत बोलावलं होतं, कायमचं. चार दिवसांत निघायचं होतं.

"खरं सांगतेस, की थेंबासाठी?"

"खरं, काका."

छोटी कुपी पुरली नसती. मी मोठी बाटली घेतली, ती भरली, पुसली, लेबल लावलं आणि चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली. ती सही करायला वाकली तेव्हा कागदावर एक थेंब पडला. तो माझा नव्हता, म्हणून मी तो नोंदवला नाही.