भिंतीवरची पांढरी पाखरं

पुतळाबाई रोज सकाळी चहाआधी मागच्या भिंतीशी जाऊन उभ्या राहायच्या. रात्री दिव्यावर आलेली पाखरं तिथं पंख पसरून बसलेली असत. दयाळ पक्षी यायच्या आत ती मोजायची, हा उपनगरातल्या त्या घराचा छत्तीस वर्षांचा रिवाज. तो पाडला त्यांच्या यजमानांनी, धोंडीराम गुरुजींनी. तेव्हा भिंत उघड्या काळ्या दगडाची होती आणि पाखरंही बहुतेक काळपट. मग शेजारच्या सोसायटीनं भिंतीला गिलावा करून चुना दिला. काळी पाखरं दुरून दिसू लागली, दयाळानं ती टिपली. पांढुरकी वाचली, त्यांचाच वंश वाढला. शाळेत कुणी ‘पाखरांनी रंग बदलला’ असं लिहिलं की गुरुजी अर्धा गुण कापायचे. पाखरू काही बदलत नाही, दिसतं ते खाल्लं जातं, म्हणायचे.

गुरुजींना जाऊन सहा वर्षं झाली. मोजणी चालूच होती. पण गेली दोन वर्षं वहीत पांढऱ्यांपुढे ‘नाहीत’ एवढंच असे. काळी तेवढी चार-पाच. पुतळाबाईंना चुटपुट लागे. घरात दुसरी सोबत ती कोणती? मुलगी मनाली बंगळुरूहून फोनवर म्हणायची, डोळे दाखव, इकडेच ये राहायला. त्या म्हणत, नजर शाबूत आहे माझी. पाखरं मोजता येईनाशी झाली की येईन.

त्या दिवशी शेवाळावर पाय सरकला आणि त्यांनी भिंतीला हात टेकला. हाताखाली काहीतरी फडफडलं. पांढऱ्या पाखरांचा थवाच उठला आणि कढीपत्त्याच्या हिरव्या पाल्यावरून जाताना त्यांना दोन वर्षांत पहिल्यांदा दिसला. तळहाताला भुकटी लागली होती. चुना असेल म्हणून चोळली, तर रेशमासारखी मऊ.

दयाळाला दिसतं तेवढंच त्यांनाही दिसत होतं.

आत येऊन त्यांनी जुनी वही उघडली. पाखरं नसलेल्या दिवशी गुरुजी लिहीत, ‘दिसली नाहीत’. पुतळाबाईंनी आपल्या प्रत्येक ‘नाहीत’च्या आधी ‘दिसली’ घातलं. दुपार झाली.

मग फोन लावला.

“बोल आई. आज किती?”

सात म्हटलं असतं तरी तिकडे कुणाला कळणार होतं?

“मोजता आली नाहीत गं.”

मनाली हळूच म्हणाली, “तिकीट काढू?”

“काढ.”

फोन ठेवल्यावर, मागचा दिवा संध्याकाळी लावायला कुणाला सांगावं, याचा त्या विचार करत बसल्या. कॉलनीतलं एकेक घर आठवून पाहिलं. सांगण्यासारखं कुणी उरलं नव्हतं.