पाचव्या रेघेचा दगड

मी एक जुना मापाचा दगड आहे. आपटा गावाच्या थोडं पुढे, पाताळगंगेच्या काठी आमचं लहानसं गाव आहे. गावाच्या उतारावर, नदीकडे तोंड करून मी उभा असतो. मित्रांनो, दगडाला बोलायची सवय नसते. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याचीही मला खात्री नाही. पण नदीकाठी राहणाऱ्या कुणाच्या ती उपयोगी पडेल, या आशेवर सांगतो.

कर्नाळ्याच्या बाजूच्या एका खाणीतून मला काढलं. एका पाथरवटाने छिन्नीने तासून मला सरळ केलं आणि अंगावर वीत-वीत अंतराने आडव्या रेघा कोरल्या. तेव्हा मला वाटलं होतं, आपण एखाद्या देवळाचा खांब होणार. तसं काही झालं नाही. सरकारी माणसांनी मला बैलगाडीतून आणून इथे खड्ड्यात रोवलं आणि पूर मोजायचं काम दिलं.

रेघा पाथरवटाच्या, पण त्यांना अर्थ गावाने दिला. पाणी तिसऱ्या रेघेला आलं की गुरं सोडायची. पाचव्या रेघेला टेकलं की खालच्या आळीने चूल विझवायची आणि वरच्या आळीतल्या मशिदीच्या पडवीत जाऊन बसायचं. चुलीवरचा भात शिजायचीसुद्धा वाट पाहायची नाही. खालच्या आळीत आगऱ्यांची घरं होती, मुसलमानांचीही होती. पडवीत सगळे एकत्र बसत आणि एकाच टोपातला चहा पीत. नवी सून आळीत आली की सासू तिला आधी माझ्यापाशी आणून ही रेघ दाखवत असे.

मग दोन हजार पाच सालचा तो जुलै आला. पाणी पाचव्या रेघेला टेकलं आणि आळी रिकामी झाली. पाणी चढतच राहिलं. सहावी रेघ गेली, सातवी गेली, शेवटी मीच बुडालो. ओसरल्यावर पाहिलं, तर खालच्या आळीतल्या बऱ्याच भिंती पडल्या होत्या, पण माणसं सगळी होती.

त्यानंतर माझं फार कौतुक झालं. दाजी हे गावातलं मोठं माणूस. पूर्वी त्यांची मिठागरं होती. त्यांनी माझ्यापुढे नारळ फोडला आणि म्हणाले, "यानं गाव राखलं. याला आसं चिखलात ठेवायचं नाय." त्यांनी स्वखर्चाने मांडीइतका उंच चौथरा बांधला, त्याला गुलाबी लाद्या बसवल्या आणि मला उचलून वर उभं केलं. अंगभर शेंदूर लावला. पुढे दर अमावास्येला नवा थर चढू लागला.

मित्रांनो, खोटं का बोलू, मला ते आवडलं. देवळाचा खांब होता आलं नव्हतं, आता देवच झालो होतो. पण शेंदराखाली माझ्या रेघा बुजत चालल्या. लोक हात जोडत आणि निघून जात. माझ्याकडे पाहून पाण्याचा अंदाज घेणारं कुणी उरलं नाही. चौथऱ्यामुळे माझी पाचवी रेघ मांडीभर वर गेली आहे, हेही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

अपवाद एकीचा. शकू ही खालच्या आळीतल्या अगदी शेवटच्या घरात राहते. ती मासळी घेऊन पनवेलच्या बाजारात जाते. सासूने शिकवलेली रेघ ती विसरली नव्हती. एका श्रावणात पाणी चढू लागलं, तेव्हा ती दारातून माझ्याकडे पाहत होती. शेंदरातून पाचवी रेघ पुसटशी दिसत होती आणि पाणी तिच्या बरंच खाली होतं. म्हणून शकू थांबली. एवढ्यात मागच्या दाराने पाणी घरात शिरलं. सासूला पाठीवर घेऊन ती छातीभर पाण्यातून बाहेर पडली. तिच्या दोन शेळ्या दाव्याला बांधलेल्याच राहिल्या.

नंतर ती माझ्यासमोर आली. तिने शिवी दिली नाही, नमस्कारही केला नाही. नुसती बघत राहिली. त्या दिवसापासून मला शेंदूर जड वाटू लागला.

पुढे काही वर्षांनी, एका मे महिन्यात, अवधूत नावाचे तरुण इंजिनिअर तिपाई आणि दुर्बीण घेऊन आले. राज्यातल्या नदीकाठच्या गावांसाठी मोठी योजना होत होती. प्रत्येक गावाची पूररेषा आखायची, आसऱ्याची जागा ठरवायची आणि धोक्याचा भोंगा बसवायचा. भोंगा गावाच्याच जुन्या खुणेवर वाजणार होता.

"तुमची खूण कोणती?" त्यांनी विचारलं.

"पाचवी रेघ," सगळे म्हणाले.

अवधूत यांनी दुर्बिणीतून पुन्हा पुन्हा पाहिलं. "जुन्या नकाशात हा दगड खाली आहे. वर कसा आला?"

सगळ्यांच्या नजरा चौथऱ्याकडे गेल्या. मग शकू म्हणाली, "देव झाला ना तो. देव चढला आनि माज्या शेल्या बुडाल्या."

"तोंड सांभाल, शकू," दाजी म्हणाले. मग साहेबांकडे वळले. "साहेब, तुमी कागदावर मांडीभर वजा करा. तेवढं येतं ना तुमाला?"

"कागदावर करीन की. पण पाणी येईल तेव्हा तुम्ही कागद बघणार की दगड?" अवधूत म्हणाले. "भोंगा वाजवायला माणूस इथलाच असणार. तो रेघ बघूनच वाजवणार. शिवाय वीज गेली, भोंगा बंद पडला, तर दगडच उरतो. पावसाआधी काय ते ठरवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव चौथऱ्यापाशी जमलं. यासीनही आला. कुवेतहून परतल्यावर त्याने वरच्या आळीत हार्डवेअरचं दुकान टाकलं होतं.

"दाजी, तुम्ही दगडाला इज्जत दिली, कबूल," यासीन म्हणाला. "पण मशिदीच्या पडवीत माणसं वेळेवर पोचली पाहिजेत. चहा आम्ही करतोच."

"तुमचा चहा पानचट," दाजी म्हणाले. लोक हसले, पण दाजींचा चेहरा सैल झाला नाही. "देवाला त्याच्या मर्जीशिवाय हलवायचं नाय. कौल लावू. उजवी कली पडली तर खाली, डावी पडली तर हितंच."

त्यांनी जास्वंदीच्या दोन कळ्या ओल्या करून माझ्या दोन्ही खांद्यांवर चिकटवल्या. मी मनात म्हणत होतो, उजवी पड, उजवी पड. पण दगडाच्या म्हणण्याने काय होतं? ऊन चढलं. तेलकट शेंदराच्या जाड थरात कळ्या घट्ट रुतल्या होत्या. उजवी पडेना, डावीही पडेना.

"सांजपर्यंत बसायचं काय?" मागून कुणीतरी म्हणालं.

शकू उठून घरी गेली आणि भाकरीचं उलथणं घेऊन आली.

"दाजी, तुमी देवाला बोलायला जागाच ठेवली नाय," ती म्हणाली. "तुमाला देव उंचावर पायजे. मला पान्यात उभा रायलेला पायजे. त्याचं कामच ते हाय."

दाजी काही बोलायच्या आत तिने उलथणं माझ्या अंगावर चालवलं. शेंदराचे पापुद्रे चौथऱ्यावर पडू लागले. बायकांनी पदर तोंडाला लावला. शकू थांबली नाही. एकेक रेघ उघडी पडत गेली आणि मला कितीतरी वर्षांनी वारा लागला.

दाजी चौथऱ्यालगत जमिनीवर येऊन उभे राहिले आणि त्यांनी पाचव्या रेघेवर बोट ठेवलं. रेघ त्यांच्या हनुवटीपाशी होती.

"चौथऱ्याआधी माज्या कमरेला लागायची ही," ते हळूच म्हणाले. "ल्हानपनी आयनं हितं उभा करून दाखवलेली." बराच वेळ त्यांनी बोट काढलं नाही. मग यासीनकडे वळले. "वजन उचलायची चेनकप्पी हाय ना तुज्या दुकानात? काढ. आनि पयला घण मी घालनार."

त्या दिवशी चौथरा फुटला. लाद्यांखाली माझा जुना खड्डा तसाच होता. दोन्ही आळ्यांनी मिळून मला त्यात उतरवलं. अवधूत यांनी दुर्बीण लावली, नकाशा पाहिला आणि मान हलवली. योजनेत आमच्या गावापुढे 'पाचवी रेघ' असं लिहिलं गेलं.

त्याच पावसाळ्यात, जुलैच्या एका सकाळी, पाणी चढलं. पाचव्या रेघेला टेकताच भोंगा वाजला. खालच्या आळीत चुलींवर पाणी पडल्याचा चर्र आवाज घराघरांतून आला. सगळ्यांत आधी शकूच्या नव्या शेळ्या चढ चढत गेल्या, मागून सासूला धरून शकू. दाजी दारोदार ओरडत फिरत होते, "भात र्‍हाऊ दे. जीव घेऊन चला." घरात पाणी शिरलं तेव्हा घरात कुणी नव्हतं.

मित्रांनो, दर मे महिन्यात शकू उलथणं आणि काथ्या घेऊन येते, माझ्या रेघा खरवडते आणि त्यांत पांढरा रंग भरते. दाजी अजूनही नारळ फोडतात, पण माझ्या पायाशी, चिखलात. मला एवढंच मागायचं आहे. तुमच्या नदीकाठी माझ्यासारखा एखादा दगड असेल, पुलाच्या खांबावर एखादी खूण असेल, तर ती बुजू देऊ नका आणि जागची हलवू नका. प्रेमाने, आदरानेसुद्धा नको. मला नमस्कार केलात तर मी नाही म्हणणार नाही. पण आधी माझी रेघ वाचा.