चंद्रभानची साक्ष

माह्या लहान बहिणीचा, सुरुचीचा नवरा चंद्रभान मागच्या वर्षी नव्यानं जन्मला. वय बेचाळीस. हे मी नाही म्हणत, तोच म्हणते, अन् दर रविवारी माइक हातात घेऊन म्हणते.

त्याच्या मंडळीची, म्हणजे त्यायच्या चर्चची, प्रार्थना जरीपटका वस्तीत एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये होते. पास्टर जितेंद्र म्हणून तरणा माणूस आहे, बोलाले गोड. तो म्हणे, आईच्या पोटून तर सगळेच जन्मतात, त्यात आपली काय कर्तबगारी? दुसरा जन्म देव देते, आतून. जुना माणूस मरते अन् नवा उभा राहते. मले ऐकाले बरं वाटलं, खोटं काहून बोलू! पण आमच्या घरी नवा जन्म म्हणजे काही नवलाची गोष्ट नाही. छप्पन साली आमच्या आजोबानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, अन् घरी येऊन आजीले आपल्या बाजूले जेवाले बसवलं. तवापासून आमच्याकडे माणूस बदलला का नाही ते चुलीपाशी पाह्यतात, स्टेजवर नाही.

अन् बदलला होता, बाप्पा. दारू सुटली ते सुटलीच. स्कूल व्हॅन चालवते, पोरायले वेळेवर पोचवते, तोंडात शिवी नाही. मी म्हटलं, येशूनं केलं का आणखी कोणी केलं, पोरीच्या घरात शांती आली न, झालं तर मग. मग एका रविवारी सुरुची मले संगं घेऊन गेली, अन् मी त्याची साक्ष ऐकली.

साक्ष म्हणजे असं, का मंडळीतला विश्वासी माणूस उभा राहून आपला जुना जन्म सांगते. कसा होतो, काय काय केलं, प्रभूनं कुठून उचललं. मी एक गोष्ट पाह्यली, ज्याचा जुना जन्म जेवढा खराब, तेवढा त्याले मान जास्ती. एक रिटायर्ड मास्तर उठले. बिचाऱ्यानं उभ्या आयुष्यात चहाच्या वर काही घेतलं नव्हतं. त्यायची साक्ष आटपेपर्यंत लोक जांभया देऊन राहिले होते. चंद्रभान उठला तर सगळे सावरून बसले.

"भावांनो, मी राक्षस होतो! एक दिवस पिऊन आलो, अन् माह्या बायकोचा हात मोडला! पण तो चंद्रभान मेला!"

बाया डोळे पुसून राहिल्या. टाळ्या, हालेलुया, सगळं झालं. अन् जिचा हात मोडला ते माही बहीण मागच्या खुर्चीवर दोन्ही हात पदरात घेऊन बसली होती. तिच्याकडे कोणी वळूनही पाह्यलं नाही. माह्या अंगाची तर आग झाली.

बाहेर चहाच्या टपरीवर मी तिले विचारलं, "सुरुची, तुले कसं वाटते वं हे ऐकून?"

"एकदा मोडला होता, बाई," ते म्हणे. मी मोठी म्हणून ते मले बाई म्हणते. "आता दर रविवारी मोडते."

"माफी मागितली का तुले कधी?"

"देवाले मागितली. मंडळीले मागितली. दोघायनंही देली. मीच राहिली. एकदा विषय काढला, तर म्हणे, तो चंद्रभान मेला, मेलेल्या माणसाचं काय काढतं?"

मंग तिनं सांगतलं, का पुढच्या महिन्यात दोघाही नवराबायकोनं बाप्तिस्मा घ्यायचा, असं ठरून राहिलं आहे.

"माहा विश्वास नाही, असं नाही," ते म्हणे. "प्रार्थना केली का मले बरं वाटते. पण ज्यानं मोडला तो मेला, अन् हा म्हणते, मी तो नव्हेच. मंग मी कोणासंगं पाण्यात उतरू?"

"चाल माह्या घरी," मी म्हटलं. "मागची खोली रिकामीच आहे."

"त्या दिवसापर्यंत त्याच्या माफीची वाट पाहीन. नाही मागितली तर तिथूनच तुह्यासंगं येईन."

बाप्तिस्मा उमरेड रोडवर होता, एका विश्वासी भावाच्या वावरातल्या सिमेंटच्या टाक्यात. मी स्कुटीवर पायापाशी तिची कपड्याची बॅग घेऊन गेली. सगळे पांढऱ्या कपड्यात, गाणे चालू. चंद्रभान कंबरभर पाण्यात पास्टरच्या बाजूले उभा. बुडवायच्या आधी अखेरची साक्ष देतो म्हणाला. राक्षसाचं सांगून झालं, पिऊन आल्याचं झालं, अन् गोष्ट आली मोडलेल्या हातावर.

"थांबा जी," सुरुची उठून उभी राहिली. "कोणता?"

"काय?"

"कोणता हात मोडला होता? वर्षभर लोकायले सांगून राहिले न. डावा का उजवा?"

दोन्ही हात पदराच्या आत. चंद्रभाननं पदराकडे पाह्यलं, पास्टरकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं. मले तर माहीत होतं. प्लास्टर कराले मीच नेलं होतं, हा तवा खाटेवर घोरत पडला होता. पण मी ओठ आवळून धरले. मनात म्हटलं, सांग आता, बोल! मागून कोणीतरी प्रार्थना सुरू केली, तर पास्टरनं हात वर करून त्याले चूप केलं. तेवढी त्या पोरात अक्कल होती.

"मले माहीत नाही," चंद्रभान म्हणाला.

मंग तो टाक्यातून बाहेर निघाला. डोकं कोरडं, कंबरेखाली पाणी गळून राहिलं होतं. सुरुचीपुढं येऊन उभा राहिला. "मेला म्हणत होतो, पण तो मेला नाही. तो मीच आहो. मीच मोडला तुहा हात. माफ कर मले." रडून राहिला होता, अन् या रडण्यात स्टेजवरचा सूर नव्हता.

"कर वं माफ," बाया म्हणाल्या. "देवानं केलं, तू काहून नाही?"

सुरुचीनं पदरातून हात काढला. "उजवा," ते म्हणे. "अन् आज नाही होत. मनातून निघालं तर सांगीन. नाही निघालं तर नाही सांगणार."

या माणसाले तिचं 'नाही' कधी सहन झालं नव्हतं. भाजी नाही म्हटलं, तर ताट अंगणात जाये. अन् इथं तर सगळ्या मंडळीसमोर! मी बॅग घट्ट धरून दोघायच्या मधात जाऊन उभी राहिली.

चंद्रभाननं तोंड पुसलं. "बरं," म्हणाला. मंग पास्टरकडे वळून म्हणे, "आज माहं राहू द्या जी," अन् वावराच्या धुऱ्यावर, मातीच्या बांधावर जाऊन एकटाच बसला.

मी सुरुचीले हळूच विचारलं, "चालतं का मंग?"

ते त्याच्या पाठीकडे पाहून राहिली होती.

"नाही, बाई," ते म्हणे. "हा माणूस कोण आहे, ते पाहीन थोडे दिवस."