पाच किलोवरचे सव्वीस ग्रॅम

शिरूर कासारच्या बाजारतळावरचं वजनमाप तपासणीचं शिबिर चार वाजता उठणार होतं. तीन वाजता निरीक्षकांनी आत्याचं पाच किलोचं माप बाजूला सारलं.

"सव्वीस ग्रॅम जास्त भरतंय. छाप मारता येणार नाही."

सत्यभामा आत्याचं पेंडीचं दुकान आहे. दोन वर्षं पाऊस नाही, त्यामुळे बी-बियाणं कुणी विचारत नाही. चालते ती फक्त दूध संस्थेची पेंड. ती विकायची परवानगी दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. उद्या शेवटची तारीख, आणि अर्जाला यंदाच्या छापाचं प्रमाणपत्र हवं.

"जास्तच हाय न्हवं? कमी असतं तर धरायचं मला," आत्या म्हणाली.

"बाई, कायदा दोन्हीकडून धरतो."

"सायेब, बाईच्या मापात बरकत हाय," आमचं गिऱ्हाईक आसाराम मध्येच बोलला. "आमी म्हणून तर हितंच येतो."

"तू गप ऱ्हा बे! तुझ्या बरकतीनं माझं दुकान बंद पडंल," आत्या म्हणाली.

मी नुकतीच बी.एस्सी. झालेली. लोखंड वापरून झिजतं, हलकं होतं. हे जड कसं झालं? माप उन्हात धरलं, नखाने खरवडलं. तांबूस, चिकट पापुद्रा निघाला.

"आत्या, हे काय?"

"लक्ष्मीपूजनाचं हळद-कुंकू. वर तेलाचं बोट."

दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा महिन्याभरापूर्वी बिघडला, तेव्हा तिने देव्हाऱ्याखालचा सासूबाईंचा तराजू काढला होता. त्याआधी पंधरा वर्षं हे सगळ्यांत मोठं माप नुसतं पुजलं जात होतं, पुसलं कधीच नव्हतं.

"खरवडू?"

तिने मापावरून अंगठा फिरवला. साडेतीन झाले.

"सासूबाईंच्या हातचं कुंकू हाय त्यात," ती म्हणाली. मग पदर पसरला. "यात पाड. खाली पडू दिऊ नको."

मी ब्लेडने थर काढला. उरलेल्या चिकट्यासाठी आसारामने मोटारसायकलमधून फडकं भिजेल एवढं पेट्रोल दिलं. पुन्हा निरीक्षकांच्या काट्यावर ठेवलं, तर माप बरोबर पाच किलो. निरीक्षकांनी छाप ठोकला. माझ्या आग्रहाखातर त्यांनी पदरातला चुराही कागदावर घेऊन तोलला.

"चोवीस."

"दोन ग्रॅम कुठं गेलं गं?" आत्याने विचारलं.

मी लाल झालेली बोटं दाखवली. ती हसली आणि कागदाची पुडी करून कमरेला खोचली.

दुसऱ्या दिवशी अर्ज जमा झाला. दुपारी आसारामने पाच किलो पेंड घेतली. तराजूची दांडी सरळ झाली तरी तो पिशवी उचलेना.

"काय रं?"

"काय न्हाई. बरकत ऱ्हायली."

आत्याने पोत्यातली मूठभर पेंड त्याच्या पिशवीत टाकली. तो गेल्यावर मी तिच्याकडून तेवढीच मूठ मागून घेतली आणि शेजारच्या दुकानातल्या काट्यावर तोलली. बासष्ट ग्रॅम.

आकडा मी तिला सांगितला नाही.