फिरकीचा तांब्या

मुंबईला जायचं ठरलं की आपल्याकडे आधी बोटीची वेळ विचारतात, मग उतरणार कोणाकडे ते विचारतात. हिरामण पाटलांच्या घरात त्या फाल्गुनात निराळाच प्रश्न उभा राहिला होता. तिथं गेल्यावर पाणी कोणाच्या हातचं प्यायचं?

बेत रतनचा होता. रतन ही हिरामणची थोरली लेक, अलिबागच्या प्राथमिक शाळेत शिकवणारी. मागल्या श्रावणात तिची आई केसर गेली, आणि घरात रतन, तिचे वडील आणि वडिलांची थोरली बहीण ठमाबाय अशी तीनच माणसं उरली. धाकटा चंदर मुंबईत, परळच्या रेल्वे कारखान्यात फिटर होता. काही वर्षांपूर्वी त्यानं गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या कोंडाजीच्या गोदूशी लग्न केलं. त्या दिवसापासून हिरामणनं मुंबईचं नाव टाकलं.

केसरनं मात्र टाकलं नव्हतं. दर वर्षी पांढरा कांदा निघाला की विकायच्या माळा बांधून झाल्यावर ती एक माळ वेगळी विणायची, चांगले एकसारखे कांदे निवडून, आणि माजघराच्या तुळईला टांगून ठेवायची. ही चंदरची. मग म्हणायची, "बोटी बंद व्हायच्या आत जाऊन येऊ. शनिवारी जायचं नि सोमवारी परत. मी काय राहाया मागत न्हाय."

कधी वाल काढायचे असत, कधी दर्यावर वारा सुटलेला असे. "दिवाळी होऊ दे," असं हिरामण म्हणायचा. पाऊस लागायचा, रेवसची लाँच बंद व्हायची, माळेतल्या कांद्यांना कोंब फुटायचे. केसर माळ उतरवायची. मागल्या वर्षी माळ उतरवायच्या आधी तीच गेली. पेणच्या रस्त्यानं, पावसातून, चंदर पोचला तेव्हा चिता विझली होती. अग्नी पुतण्यानं दिला होता. बाप लेकाशी एक शब्द बोलला नाही, आणि लेक ओटीवर न चढता परत गेला.

ती माळ अजून तुळईला होती. कोंब फुटून वाळून गेले होते. तिला हात लावायचं धैर्य कोणालाच झालं नव्हतं.

म्हणूनच "बाबा, या शनिवारी चंदरकडे जाऊ या का?" असं रतननं भीतभीत विचारलं आणि हिरामण "जाऊ" म्हणाला, तेव्हा तिला आपल्या कानांवर विश्वास बसेना. तिनं शनिवार-सोमवारची रजा टाकली, चंदरला दोन ओळी लिहून कळवलं. गुरुवारी संध्याकाळी बापाचा बेत तिला कळला.

"उद्या दोन दिसांच्या भाकऱ्या भाजून घे," हिरामण म्हणाला. "सुकटीची चटनी घे. तांदळाच्याच भाज, त्या नरम ऱ्हातात."

"दोन दिवसांच्या कशाला? गोदू जेवायला घालील की."

"लालबागला आपल्या गावच्या काळूरामाची खोली हाय. तिथं निजायचं. चंदरच्या दारात जायचं, त्याला बघायचं, नातीला बघायचं, नि उठायचं."

असं म्हणून त्यानं फळीवरचा फिरकीचा तांब्या खाली काढला. झाकण फिरवून घट्ट बसणारा, कसाही कलंडला तरी थेंब न सांडणारा तो पितळी तांब्या त्याच्या बापानं नाशिकच्या यात्रेला नेला होता. केसरच्या आजारपणात तोच तिच्या उशाशी असायचा. हिरामण चिंच घेऊन तो घासायला बसला. "पानी आपल्या हिरीचं नेऊ. म्हंजे कोनाला वायट वाटायला नको."

रतनला शाळा आठवली. ती आणि गोदू एकाच वर्गात होत्या, म्हणजे रतन आत आणि गोदू बाहेर पायरीवर. तहान लागली की कोणीतरी येऊन वरून पाणी ओतेपर्यंत गोदू विहिरीपाशी उभी राहायची. आज तीच गोदू आपल्या घरात नळ सोडून पाणी पीत होती, आणि तिच्या घरी जाणारा पाहुणा पाणी बरोबर बांधून निघाला होता.

सुपातले तांदूळ निवडत बसलेल्या ठमाबायला मात्र राहवलं नाही.

"हिरामण, पानी नेतोस तर थोरा वाराबी बांधून ने. तिच्या खिरकीतून येनारा वारा तुझ्या नाकात गेला तर कसं व्हायचं?"

"ठमाबाय, तू मधी बोलू नको."

"सारा जलम मधी बोलले न्हाय, म्हनून तर ह्ये दिस बघते. मला सांग, आपल्या खारीत लावनी कोन करतं? कोंडाजीची बायकू. तिचा हात चिखलात जातो, आवनाच्या रोपांना लागतो, तवा भात बाटत न्हाय. तिच्या लेकीनं तोच भात शिजवला की बाटतो. भाताला कलतं का रं, कोनाचा हात कवा लागला त्ये?"

"रीत हाय ती. मी घातली काय?"

"न्हाय घातलीस. पर उचलून तूच चालला हायेस. पार मुंबईपातूर."

हिरामणचा हात तांब्यावर थांबला. "तुला बोलाया काय जातं? उद्या भावकी दारात उभी ऱ्हानार न्हाय. मी मेलो तर खांदा कोन देईल?"

"पोरगा देईल की."

"पोरगा!"

"व्हय. केसरला पोरगा असून पुतन्यानं आग लावली. तुझी भावकी आली व्हती त्या दिशी, सगळी आली व्हती. केसरचा जीव ज्याच्यात अडकला व्हता, तो कुठं व्हता?"

बाहेर वाडीत नारळाची झापं वाऱ्यानं करकरत होती. रतनच्या मनात कितीतरी दिवस एक गोष्ट रुतून बसली होती. आई गेली त्या दुपारी वडिलांनी ह्याच तांब्यातलं पाणी चमच्यानं तिच्या ओठांशी धरलं होतं. आईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. शुद्ध नाही, असं सगळे म्हणाले. पण थोड्या वेळानं रतननं चमचा धरला, तेव्हा आई दोन घोट प्याली होती. त्या वेळी वडील बाहेर गेले होते, त्यांनी ते पाहिलं नव्हतं. हे सांगावं की सांगू नये? खचलेल्या माणसाला आणखी किती खचवायचं?

"बाबा," ती म्हणाली, "आईच्या शेवटच्या दिवशी..."

"थांबलीस का? बोल की."

तिची नजर तांब्यावर गेली.

हिरामणनं तांब्या खाली ठेवला. "तुला काय वाटतं, मला ठावं न्हाय? डोळं उघडं व्हतं तिचं. माझ्याकडं बघत व्हती. वळखलं, नि तोंड फिरवलं." त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. "आमी एका ताटात जेवलो, बाय. नि जाताना तिनं माझ्या हातचं पानी घेतलं न्हाय. त्ये काय असतं, त्ये मी रोज बघतो."

ठमाबायनं सूप बाजूला सारलं. आता तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

"मग हिरामण, ज्यानं तू रोज जळतोस, त्येच कोंडाजीच्या लेकीला द्यायला चाललास? तिच्या दारात बसून तोंड फिरवाया?"

हिरामण उठून बाहेर निघून गेला.

शुक्रवारी शाळेतून रतन परतली तेव्हा तो अंगणात बसला होता. पुढ्यात नव्या कांद्यांचा ढीग होता, आणि तो त्यांच्या वाळक्या पातीची वेणी घालायचा प्रयत्न करत होता. कांदा खणणं हे पुरुषांचं काम, माळ विणणं बायकांचं. आयुष्यभर त्यानं केसरला ती विणताना पाहिलं होतं, पण ध्यानात काही राहिलं नव्हतं. तिसरा कांदा बसला की पहिला निसटत होता.

"ह्यी माळ हाय का बैलाचं दावं?" ठमाबायनं विचारलं.

"असू दे. चंदरला कलंल, कोनी इनली ती."

रतन माजघरात गेली. स्टुलावर चढून तिनं तुळईवरची जुनी माळ उतरवली. मग बाहेर येऊन तिनं विचारलं, "भाकऱ्या किती भाजू?"

"वाटंत खायापुरत्या."

"आणि तांब्या?"

"तो घेतलाय पिशवीत. रिकामाच हाय."

परळला चंदरच्या खोलीत शनिवारी दुपारी काय घडलं ते फार थोडं आहे. चंदर दारात उभा होता, बापाच्या हातातली ती वेडीवाकडी माळ त्यानं दोन्ही हातांनी घेतली. गोदूनं पेला भरून आणला आणि लहानपणापासून अंगात मुरलेल्या सवयीनं तो सासऱ्यापासून हातभर दूर जमिनीवर ठेवला. हिरामण त्या पेल्याकडे पाहत राहिला.

"असा न्हाय," तो म्हणाला. "हातात दे, बाय."

गोदूनं पेला उचलून त्याच्या हातात दिला. सगळं पाणी पिऊन त्यानं पेला पुढे केला. "आनखी दे." काळूरामाच्या खोलीचं नाव त्या दोन दिवसांत निघालं नाही.

सोमवारी संध्याकाळी ते घरी परतले. ओटीवर चुलतभाऊ सदू येऊन बसलाच होता. "काय हिरामणदा, मुंबईचं पानी मानवलं का?"

हिरामणनं पिशवीतून तांब्या काढला. तो आता भरलेला होता. त्यानं झाकण फिरवलं. "गोदूनं भरून दिलंय. घे."

सदू उठला, वहाणा पायात घातल्या आणि गेला. त्यानंतर बरेच दिवस तो त्या ओटीवर आला नाही, आणखीही काहीजण आले नाहीत. हे लपवण्यात अर्थ नाही. चांगल्या गोष्टीची किंमत गाव वसूल करतंच.

हिरामणनं सदूच्या पाठीकडे पाहत चार घोट घेतले. मग तो मागल्या दारी गेला. केसर रोज सकाळी जिथं पाणी घालायची, त्या वृंदावनाशी उभा राहून उरलेलं पाणी त्यानं हळूहळू ओतलं.

"घे," तो म्हणाला. "उशीर झाला."

रतन दारात उभी होती. ती पुढे गेली नाही. तो शब्द तिच्यासाठी नव्हता.

तुमच्या-माझ्याही घरात असा एखादा तांब्या असेल. बापजाद्यांनी दिलेला, घासूनपुसून ठेवलेला, थेंब न सांडणारा. तो टाकून द्या असं कोणी म्हणत नाही. पण माणसाला माणसापासून तोडणारं पाणी त्यात भरून आपण कुठवर वाहणार आहोत? पाण्याला जात नसते, ती आपण आपल्या हातांनी त्यात कालवतो, आणि आपल्याच हातांनी ती काढून टाकता येते. मात्र ते काम दिवाळीनंतरवर टाकू नये. बोटी बंद व्हायच्या आत निघावं. आपली वाट पाहणाऱ्या माणसांना फार दिवस थांबता येत नाही.