एक इंजिनियर मित्र

"तुमच्या पुस्तकांतलं वाफेचं हे सगळं इतकं खरं कसं वाटतं? कुठून शिकलात?" दुसऱ्या रांगेतल्या चष्मेवाल्या मुलीने विचारलं, आणि लेखिकाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "माझे एक इंजिनियर मित्र आहेत. मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांना छळत असते."

लोक हसले. लेखिकाबाईही हसल्या. मग त्यांची नजर शेवटच्या रांगेकडे गेली, तर तिथे त्यांचे इंजिनियर मित्र बसलेले. अंगात निळा डगला, पायात जाड बूट, मांडीवर रिकामा डबा. हॉस्पिटलच्या धुलाईखान्याचा बॉयलर सांभाळणारी त्यांची थोरली बहीण, ताई. पहिली पाळी संपवून परस्पर इकडे आली होती. जमणार नाही म्हणाली होती, म्हणून तर जीभ एवढी सैल सुटली.

घरी यांना धाकटी म्हणतात. आपणही तेच म्हणू. लेखिकाबाई म्हणवून घेण्यासारखं त्या संध्याकाळी त्यांनी काही केलं नव्हतं.

धाकटीची पुस्तकं म्हणजे जुन्या काळच्या एका राणीच्या राज्यातल्या साहसकथा. त्यांत वाफेवर उडणारी जहाजं आणि त्यातल्या एका जहाजाची कप्तानीण. घेरदार झगा, कमरेला पाना, आणि कुणा सरदाराने मागणी घातलीच तर 'आधी ही झडप बसवून दाखवा' म्हणणारी. पाच पुस्तकं झाली होती आणि पोरींना या कप्तानिणीचं वेड लागलं होतं.

या कप्तानिणीला जिवंत ठेवलं होतं ते ताईने. पहिल्या पुस्तकाच्या कच्च्या मजकुरात, बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाणी दिसेनासं होताच कप्तानीण तापलेल्या बॉयलरमध्ये धाडसाने गार पाणी सोडते, असा प्रसंग होता. ताईने तो वाचला आणि कागद खाली ठेवले.

"गेली ही."

"कुठे गेली?"

"वर. जहाजासकट. अगं, नळीतलं पाणी दिसेनासं झालं ना, की पाणी सोडायचं नसतं, स्फोट होतो. आधी भट्टीतली आग काढायची आणि गप बसायचं. गप बसायलाच जास्त हिंमत लागते."

तेव्हापासून दर पुस्तकाला धाकटी बॉयलरखोलीत जाऊन ताई सांगेल ते वहीत उतरवून घ्यायची. वडील गेले तेव्हा त्यांच्या जागी ताई बॉयलरवर लागली. अठरा वर्षांची होती. धाकटी तेव्हा शाळेत. बायकांचं काम नाही म्हणणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून ताईने परीक्षा दिली, प्रमाणपत्र मिळवलं, आणि त्याच पगारावर धाकटीचं शिक्षण केलं. एवढं सगळं घरात असताना धाकटीला लाज कसली वाटली? तर त्या बुटांची. नखांतल्या कोळशाची. व्यासपीठावर शेजारी प्राध्यापक बसलेले, समोर फुलं, आणि अशा ठिकाणी 'माझी बहीण बॉयलरवर आहे' हे वाक्य तिला जड झालं. तिच्याच तिसऱ्या पुस्तकात कप्तानीण पाचशे सरदारांपुढे ताठ उभी राहून सांगते, की हे इंजिन मला एका कोळसेवालीने शिकवलं. त्या पानाबद्दल वाचकांची पत्रं अजून येतात. धाकटीला साठ माणसांपुढे तेवढं जमलं नाही.

पुस्तकांवर सह्या करून झाल्या तेव्हा शेवटची रांग रिकामी होती. ताईचा फोन आला नाही, आणि धाकटीचीही करायची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती धुलाईखान्यात गेली. काय बोलायचं ते वाटेत तीनदा घोकलं होतं. ताई नळीची काच पुसत होती.

"जेवलीस का?" ताईने विचारलं.

"हो. ताई, काल मी…"

"छान झालं कालचं. आवाज अगदी मागपर्यंत येत होता."

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतली इस्त्रीवाली धाकटीचं पुस्तक घेऊन दारात आली.

"सही द्या ना. आणि एक सांगा, हे बॉयलरचं सगळं ताईंनीच सांगितलं असणार. आमची पैज लागलीय."

धाकटीने तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "छे गं, मला पुस्तकातलं काय कळतंय? तिचे एक इंजिनियर मित्र आहेत. मोठ्या हुद्द्यावर आहेत."

शब्दही तेच. धाकटीने त्या आवाजात टोमणा शोधून पाहिला. सापडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण ताई आपल्या बहिणीची बाजू सांभाळत होती, शाळेत तिची फी भरायला उशीर झाला की मास्तरांपुढे सांभाळायची तशीच.

"कुणी मित्रबित्र नाहीये," धाकटी म्हणाली. "खोटं आहे ते. सगळं हिनेच शिकवलंय मला. पाचही पुस्तकं."

इस्त्रीवालीने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि ती कौतुकाने हसली. "बघा, एवढी मोठी लेखिका, पण थोरलीचा मान कसा राखते. असं मन असावं माणसाचं." सही घेऊन ती गेली. म्हणजे खरं बोलल्याचं पुण्यसुद्धा धाकटीच्याच पदरात पडलं. इस्त्रीवाली जिंकलेली पैज हरून गेली, यावर ताई हसत होती.

"ताई, मी चुकले."

"हो," ताई म्हणाली.

तेवढंच. काच पुसून झाल्यावर तिने फडकं खांद्यावर टाकलं. "सहाव्या पुस्तकाचं कुठे अडलंय?"

धाकटीने पिशवीतून वही काढली. माफी मागायला येतानाही वही बरोबर आणली होती, हे तिचं तिलाच आता कळलं. ती पुढे झाली. जमिनीवर पिवळा पट्टा होता आणि भिंतीवर पाटी, की बाहेरच्या माणसांनी पट्ट्याच्या आत येऊ नये. इतकी वर्षं धाकटी तो ओलांडून ताईच्या खांद्याशी उभी राहायची. एकदा साहेबांनी हटकलं, तर ताई म्हणाली होती, घरचीच आहे.

आज ताईने हात आडवा केला.

"तिथूनच विचार."

आवाजात राग नव्हता. धाकटीने टाकलेलं पाऊल मागे घेतलं. पट्ट्याबाहेर उभं राहून, बॉयलरच्या घरघरीवर ऐकू जावं म्हणून आवाज चढवून तिने आपला प्रश्न विचारला. ताईने नळीवरची नजर न काढता तिला सगळं नीट सांगितलं, आणि लिहून होईपर्यंत मध्येमध्ये थांबली.